गळ्यातला मणी आणि सोमवारची खिचडी

रहिमतपूरच्या आसपास लग्न कुणाचंही असो, सर्जेराव माने पंगतीला बसलेले कुणी पाहिले नव्हते. ते वाढायचे. पंचा कमरेला खोचलेला, हातात आमटीची बादली, आणि तोंड अखंड चालू. "घ्या की पाव्हणं, लाजताय काय! एवढा उंचापुरा गडी आणि एवढासा भात?"

वीज मंडळात वायरमन होते तेव्हाही ते वाढायचे, आणि निवृत्त झाल्यावर तर काय, सगळा वेळ आपलाच. आता मोठ्या कार्यालयांतून वाढपगाड्या आल्या होत्या. गाडी पानांच्या ओळीतून आपोआप सरकायची, पानासमोर थांबायची, मोजका भात टाकायची आणि पुढे जायची. पण गाडीला आग्रह करता येत नाही. "नको" म्हटलं की ती खरंच जाते. म्हणून लोक अजून सर्जेरावांना बोलावून न्यायचे.

"अहो, तुम्ही कधी जेवणार?" कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं. "हा काय, शेवटच्या पंगतीला बसतो."

शेवटची पंगत बसायची तेव्हा सर्जेराव आचाऱ्याशी गप्पा मारत बसलेले असायचे. मग घरी जायचे, बायकोनं, वैजयंतानं, ठेवलेला मऊ भात आमटीत कालवायचे आणि घासागणिक पाण्याचा घोट घेत तासभर जेवायचे.

कारण एवढंच होतं की घास उतरायचा नाही. छातीच्या मधोमध येऊन बसायचा. भाकरीचा तुकडा असला तर मुक्कामच करायचा. आणि पंगतीची रीत अशी की शेवटच्या माणसाचं होईपर्यंत कुणी उठायचं नाही. लग्न नवं होतं तेव्हा सासुरवाडीच्या पंगतीत सगळ्यांची जेवणं आटोपली, हात वाळले, आणि सगळी ओळ जावईबापूंकडे बघत बसली. जावईबापूंच्या नरड्यात घास. शेवटी ते अर्ध्या पानावरून उठून परसात पळाले. भरल्या पानावरून उठलेला जावई! सासूनं पदर तोंडाला लावला. त्यानंतर सर्जेरावांनी बादली हातात धरली, ती सोडलीच नाही.

"पित्त आहे," असं सगळे म्हणायचे. वैद्य म्हणाले, डॉक्टर म्हणाले, न्हावीही म्हणाला. आवळा झाला, कोकम झालं, सकाळच्या गोळ्या झाल्या. वैजयंतानं मात्र त्या पंगतीच्या आठवड्यातच सोमवार धरला होता. नवऱ्याचा गळा मोकळा होऊ दे म्हणून. ती एकटी उपाशी राहते हे बघवेना, तेव्हा सर्जेरावही धरू लागले. ती रविवारी संध्याकाळी दाणे भाजायची. सोमवारी साबुदाण्याची खिचडी, तिच्यावर कुटाची पखरण, सोबत दाण्याची आमटी, दुपारी दाण्याचा लाडू. आणि नवल असं की हे सगळं रेशमासारखं गळ्याखाली उतरायचं. मंगळवारी सकाळी खपली गव्हाची, दूध घातलेली खीर करून ती उपास सोडायची.

"सोमवार मानवतो बघा तुम्हाला," ती म्हणायची. त्या म्हणण्यात कसलाही तोरा नसायचा, पण तिचा चेहरा उजळायचा. त्या उजळण्यासाठी सर्जेरावांनी सोमवारांबरोबर मंगळवारही धरले असते.

*

मुलाचं, ऋतुराजचं, लग्न ठरलं आणि सगळं अंगाशी आलं.

मुलगी कोरेगावच्या उत्तमराव कणशांची. उत्तमराव जुन्या वळणाचे, आवाज मोठा, मन त्याहून मोठं. पहिल्याच बैठकीत त्यांनी सर्जेरावांच्या पाठीवर थाप मारली. "व्याही, एक आत्ताच सांगून ठेवतो. आमच्यात मुलाच्या बापाला पहिला घास भरवल्याशिवाय पंगत सुरू होत न्हाई. तुम्ही लई वाढलंय म्हणे लोकांना. आता आम्ही तुम्हांला वाढणार!"

सर्जेराव हसले. पण मुलाच्या बापाला बादली धरून सुटता येत नाही.

ऋतुराजनंच त्यांना साताऱ्याला डॉक्टर तबस्सुम मुल्लांकडे नेलं. डॉक्टरीण चाळिशीची, बोलायला मोकळी. तिनं पहिल्या भेटीत पित्ताचं नावही काढलं नाही. विचारलं, "काका, तुम्ही घासामागं पाणी पिता का? भाकरी बारीक चुरता का? चारचौघांत जेवायचं टाळता का?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?" सर्जेराव दचकले.

"कुणी नाही. हा आजार असलेली माणसं अशीच जगतात. इतकी सवय होते, की आजार आहे हेच विसरतात."

दुर्बीण घालून तिनं अन्ननलिका पाहिली, आतल्या कातडीचे बारीक तुकडे काढून तपासले, आणि मग समजावून सांगितलं. आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात, त्यांतली एक जात म्हणजे इओसिनोफिल. पोटातल्या जंतांशी लढायला निसर्गानं ती ठेवलेली. आतड्यात तिचा वावर असतो, पण अन्ननलिकेत तिचं काही काम नसतं. काही माणसांचं शरीर एखाद्या साध्या अन्नालाच शत्रू समजतं आणि या पेशींना अन्ननलिकेत बोलावतं. त्या येतात, आपल्याजवळचं जहाल द्रव्य सांडतात, आतली कातडी सुजते. वर्षानुवर्षं हे चाललं की नळी कडक होते, तिला आतून वेढे पडतात. मग घास अडतो.

"कुठलं अन्न?" वैजयंतानं विचारलं.

"तीच तर मेख आहे, काकू. दूध, गहू, अंडं, सोयाबीन, दाणे, मासे, यांतलं बहुधा एखादं. पण खाल्लं आणि लगेच अडलं असं होत नाही. सोमवारी पत्रिका गेली तर वऱ्हाड बुधवारी येतं. माणूस बुधवारच्या जेवणाला नावं ठेवतो."

पूर्वी म्हणे एकेक अन्न बंद करायचं, काही आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण घालायची, पुन्हा तुकडा काढायचा, की मग दुसरं अन्न. वर्ष वर्ष जायचं. सर्जेरावांना ते लगेच कळलं. लाइन ट्रिप झाली की ते तसंच करायचे, एकेक भाग तोडून बघायचे कुठं फॉल्ट आहे.

आता मात्र मणी निघाला होता. तांदळाच्या दाण्याएवढा. नाकातून बारीक नळीनं तो अन्ननलिकेच्या भिंतीला चिकटवला की काही महिने तिथंच राहायचा आणि काम झालं की आपोआप सुटून पोटावाटे जायचा. मणी आतल्या आत एक मंद उजेड टाकायचा. त्या उजेडात इओसिनोफिलमधले कण वेगळ्या रंगानं चमकतात. मणी ती चमक मोजायचा आणि शर्टाला लावलेल्या बटणाएवढ्या बिल्ल्याला कळवायचा. बिल्ल्याला प्रत्येक घास गिळल्याचं कळायचं. घास कशाचा होता, तेवढं माणसानं तोंडानं सांगायचं. मग कुठल्या अन्नानंतर पेशींची गर्दी वाढली, हे तो ताडून बघायचा.

"म्हणजे माझ्या पोटात मीटर बसवणार," सर्जेराव म्हणाले.

"पोटात नाही, गळ्यात," वैजयंता म्हणाली. "माझ्या गळ्यात तुम्ही मणी घातलेत, आता तुम्ही एक घाला."

*

बिल्ल्याचा आवाज एका शिष्ट बाईचा होता. "आपण भोजन केलेत. कृपया पदार्थ सांगावेत."

"वांग्याची भाजी, भाकरी."

"आभारी आहे."

"ही बया दिवसभर आभारी असते," वैजयंता म्हणायची. "चाळीस माणसांचा स्वयंपाक केला तरी मला कुणी आभारी म्हटलं नाही."

सोमवारी बिल्ला विचारायचा, "कृपया पदार्थ सांगावेत."

"काही नाही. आज उपास."

"आभारी आहे."

काही आठवड्यांत निकाल आला. पेशींची गर्दी दर बुधवारी उसळत होती. बिल्ल्यानं मागं जाऊन पाहिलं. सोमवार कोरा, मंगळवारी खीर. दोष गव्हावर आणि दुधावर गेला. डॉक्टरणीनं दोन्ही बंद केलं आणि रात्री गिळायला एक लेप दिला. मधासारखा दाट, सूज उतरवणारा.

खीर बंद झाली याचं सर्जेरावांना वाईट वाटलं. वैजयंताला वेगळीच काळजी. गहू नाही, दूध नाही, माणूस अशक्त व्हायचा. लग्नाला उभं राहायचं आहे. मग तिनं जे मानवतं तेच वाढवलं. गुरुवारचाही उपास सुरू केला. दोन्ही दिवशी डब्यात दाण्याचे लाडू. "चहाऐवजी लाडू खा, अंगी लागेल."

साखरपुडा कोरेगावला होता, बुधवारी. सर्जेराव सवयीनं व्याह्यांच्याच घरात बादली शोधायला लागले. उत्तमरावांनी ती हातातून काढून घेतली. "व्याही! बसा. आज रंगीत तालीम." सगळे हसले. उत्तमरावांनी मिरचीची गरम भजी घेतली, चटणीच्या वाटीत बुडवली आणि स्वतःच्या हातानं सर्जेरावांना भरवली.

सर्जेरावांनी ती चावली, पुन्हा चावली, अगदी पीठ केली. गिळली. आणि ती बसली. छातीच्या मधोमध, दगड ठेवावा तशी. त्यांनी पाणी घेतलं, पाणी परत आलं. थुंकी गिळता येईना. ते उठले आणि मागच्या नळापाशी जाऊन वाकून उभे राहिले. तोंडातून लाळेची धार लागली होती. वैजयंता धावत आली आणि पाठीवर हात ठेवून नुसती उभी राहिली. तिला ती जुनी पंगत आठवली असणार. त्यांनाही तीच आठवत होती.

ऋतुराजच्या गाडीत बसताना त्यांना खिडकीतून ऐकू आलं. नवरीची कुणी आत्या दबक्या आवाजात म्हणत होती, "घशाचं काय मोठं दुखणं तर नसंल? बघून-सवरून द्या बाई पोरगी." आणि उत्तमराव पायरीवर उभे होते. त्यांच्या हाताला अजून भजीचं तेल होतं आणि चेहरा असा, की जणू घासात त्यांनीच विष घातलं होतं.

*

साताऱ्याला डॉक्टरणीनं दुर्बिणीनं अडकलेला घास काढला. दुपार कलायच्या आत सर्जेराव खाटेवर टेकून बसले. वैजयंता आणि ऋतुराज खाली चहाला गेले होते, कोरेगावला फोनही करायचा होता.

डॉक्टर मुल्लांनी पडद्यावर मण्याचा आलेख दाखवला. "हे बघा काका. गहू-दूध सोडल्यावर हा डोंगर खाली यायला पाहिजे. वर लेप चालू आहे. उलट आता आठवड्यात दोन डोंगर झालेत. बुधवारी एक, शनिवारी एक. सोमवारी आणि गुरुवारी काय असतं तुमच्याकडे?"

"काही नसतं. उपास असतो."

"मग सोमवारी बिल्ल्यानं मोजलेले हे एवढे सगळे घास कशाचे?"

"ते होय? ते उपासाचे."

 डॉक्टरणीनं चष्मा काढला आणि खुर्चीत मागं रेलून हसायला लागली. हसता हसता डोळे पुसले. "काका, काका! मी कऱ्हाडची. शाळेत आम्ही मैत्रिणी एकादशीची वाट बघत असायचो. आमच्या घरी उपास नाही, पण डबा खायला आम्ही पुढं! खिचडी, दाण्याची आमटी, लाडू. इतर दिवसांपेक्षा दुप्पट जेवण. आणि मला एवढं माहीत असून मी तुम्हाला विचारलं नाही. यंत्राला 'उपास' शब्द माहीत आहे, त्याचा अर्थ त्यानं 'काही खाल्लं नाही' असा धरला. यंत्राचं सोडा, तुम्हीही तसाच धरलात!"

सर्जेराव पडद्याकडे बघत राहिले. लाइनीवरचा एकूण एक खांब तपासून झाला होता. ज्या खांबाला शिडी टेकवली, तेवढा राहिला होता.

"पण बाई, ते तर सगळ्यात सोपं उतरायचं."

"मऊ होतं म्हणून उतरायचं. उतरणं वेगळं, मानवणं वेगळं. रोजच्या भाजीत कूट असतं का?"

"असतं की चिमूटभर. पण ते कोण सांगतं? मीठ सांगतो का आपण?"

"रोज रिमझिम आणि सोमवारी पूर. आता गुरुवारीही." ती सरळ बसली. "दाणे बंद. पूर्ण. लेप चालू. गहू-दूध पुन्हा सुरू करू, मण्याला बघू दे काय म्हणतो. नळी अजून वाचण्यासारखी आहे, सूज उतरली की सैल पडेल. लग्नाला वेळ आहे, नेट लावला तर तुम्ही पंगतीला बसाल. आता काकूंना बोलावते, सांगते समजावून."

"नको!" सर्जेराव एवढ्या जोरात म्हणाले की त्यांचा त्यांनाच घसा दुखला. "तिला नका सांगू. मी बघतो."

"रागावतील?"

"रागावली तर बरं हो. ती गप्प बसेल." त्यांनी पांघरुणाची कड बोटात धरली. "तिनं माझ्यासाठी जन्मभर जो उपास केला, त्यानंच माझं दुखणं वाढवलं, हे कुठल्या तोंडानं सांगू?"

*

घरी त्यांनी एवढंच सांगितलं की गहू-दूध निर्दोष सुटले आणि गुरुवार नको. वैजयंता खिरीच्या आनंदात होती, तिनं जास्त खोदलं नाही. जेवताना भाजीत कूट दिसलं की सर्जेराव म्हणायचे, "आज नुसता दूधभात दे." दोन-चार दिवस निभलं.

मग सोमवार आला.

"दाढ दुखतेय," त्यांनी सकाळीच जाहीर केलं. "दाणे चावणार नाहीत."

"मग कूट बारीक करते," वैजयंता म्हणाली, आणि तिनं कूट पिठासारखं केलं आणि चावायचं नाही म्हणून दुप्पट घातलं.

सर्जेराव ताटली घेऊन मागच्या अंगणात गेले. म्हणाले, उन्हात बसून खातो. शेजारच्या कदमांची शेळी कुंपणाला बांधलेली होती. तिनं मान पुढं केली. खिचडी तिला मनापासून आवडली. ताटली निम्मी झाली असेल, तेवढ्यात वैजयंता लाडू द्यायला दारात आली, आणि त्याच वेळी सर्जेरावांच्या छातीवरून शिष्ट बाई बोलू लागली. सोमवारी घास गिळला नसला तरी विचारायचं, असं डॉक्टरणीनं तिला नवं शिकवलं होतं, आणि ते तिनं चांगलं खणखणीत पाठ केलं होतं.

"आज सोमवार. उपासाचे पदार्थ सांगावेत. शेंगदाणे खाल्लेत का? सूचना. शेंगदाणे हे आपल्या विकाराचे प्रमुख कारण असण्याची दाट शक्यता आहे."

सर्जेरावांनी बिल्ल्यावर हात दाबला. हाताखालून ती म्हणाली, "आभारी आहे."

शेळी चावत होती. वैजयंतानं शेळीकडे पाहिलं, ताटलीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. लाडू परत डब्यात ठेवला, झाकण लावलं आणि आत गेली. भांडं आपटलं नाही, दार आपटलं नाही. सर्जेरावांना भीती होती तेच झालं. ती गप्प बसली.

दिवसभर घरात घड्याळाचा आवाज ऐकू येत होता. संध्याकाळी ती महादेवाला गेली. सर्जेराव उंबऱ्यावर बसून राहिले. दिवेलागणीला ती परत आली, चपला काढल्या आणि त्यांच्याशेजारी उंबऱ्यावरच बसली.

"दर रविवारी दाणे भाजताना मला वाटायचं, मी तुमचं औषध भाजतेय," ती म्हणाली.

"वैजू, तुला काय ठाऊक होतं?"

"मला नव्हतं. तुम्हाला तर होतं? आठवडाभर तोंड शिवून बसलात. शेळीला सांगितलंत, मला नाही."

"तुझा सोमवार मोडेल म्हणून." त्यांना शब्द जुळवावे लागत होते. लोकांना आग्रह करताना जी जीभ चालायची, ती आता अडली होती. "अगं, इतर दिवशी मी तासभर एकटाच जेवतो. तुझं होऊन भांडी घासून होतात. फक्त सोमवारी तू माझ्याबरोबर शेवटपर्यंत बसतेस. खिचडी चिवडत. तेवढा एक दिवस मला पंगत असते. ती जाईल असं वाटलं."

 वैजयंता म्हणाली, "मला खिचडी खायला किती वेळ लागतो असं वाटतं तुम्हाला? मी मुद्दाम चिवडायची."

सर्जेरावांनी तिच्याकडे पाहिलं. ती हसत नव्हती, पण चेहऱ्यावरचं मळभ हललं होतं.

"मी गुरवाला विचारून आले," ती पुढं म्हणाली. "म्हटलं, दाण्याशिवाय सोमवार चालतो का? तर मेला हसायला लागला. म्हणाला, वैनी, काहीच नाही खाल्लं तरी चालतो की! मूळचा उपास तसाच असतो."

आता मात्र दोघंही हसले. शेळीनंही कुंपणापलीकडून साद दिली.

"सोमवार माझा आहे," उठता उठता ती म्हणाली. "तो नाही मोडायचा. दाणे काय, दुकानातले."

पुढच्या सोमवारी तिनं ओल्या खोबऱ्याची खिचडी केली. तिचा पार लगदा झाला, उलथन्याला चिकटून उचलायला लागला. सर्जेराव खाऊन म्हणाले, "ह्यानं तर पोस्टर लावता येतील." त्याच्या पुढच्या सोमवारी ती सुटी झाली. भगरीबरोबर दाण्याऐवजी खोबऱ्याची आमटी आली, राजगिऱ्याचे लाडू आले. रोजच्या भाजीत कुटाऐवजी तीळ पडले. जेवण झालं की बिल्ला विचारायचा, आणि सर्जेरावांच्या आधी स्वयंपाकघरातून वैजयंता सांगायची, चिमटीपर्यंत सगळं. "वांगी, तेल, कांदा, तीळ, मीठ, आणि कोथिंबीर! लिही!"

"आभारी आहे."

"असू दे," वैजयंता म्हणायची. दोघींचं आता बरं जमत होतं.

आलेख उतरला. आधी शनिवारचा डोंगर गेला, मग बुधवारचा टेकडी झाला, मग उंचवटा. खीर सुरू होऊनही तो चढला नाही. चैत्रात डॉक्टरणीनं दुर्बीण घालून पाहिलं. वेढे मऊ पडले होते. "दाणे मात्र जन्मभर विसरायचे," तिनं बजावलं. "आणि चावून खायची सवय ठेवा, ती चांगलीच आहे." लग्नाच्या थोडे दिवस आधी मणी सुटून गेला. बिल्ला मुका झाला. पहिल्या दिवशी जेवण झाल्यावर दोघंही कुणी विचारील म्हणून थांबले.

"कृपया पदार्थ सांगावेत," वैजयंता नाकातून म्हणाली.

*

कोरेगावच्या मांडवात उन्हाची काहिली होती, तरी पंख्यांखाली पंगत भरगच्च बसली होती. उत्तमरावांनी मुलाच्या बापासाठी पाट मांडला होता. रांगोळी होती, उदबत्ती होती. वैजयंतानं विहिणीला आधीच फोन करून सांगितलं होतं, त्यामुळं त्या दिवशी कणशांच्या कुठल्याही भाजीत कूट नव्हतं, आणि आचारी दोन दिवस धुसफुसत होता.

सर्जेराव पाटावर बसले तेव्हा मांडवात कुजबुज झाली. "आवं, वाढपीच बसला. आता वाढायचं कुणी?" कुणीतरी ओरडलं, "सर्जेराव, बादली इकडं हाय बघा!"

उत्तमराव समोर वाकले. त्यांच्या हातात पुरीचा घास होता, खिरीत बुडवलेला. पण तो पुढं येईना. मोठ्या आवाजाचा तो माणूस हळूच म्हणाला, "व्याही, नको वाटत असंल तर राहू द्या. मी आपला नावाला हात लावतो."

नवरीची ती आत्या मान उंच करून बघत होती. ऋतुराज मुंडावळ्या बाजूला सारून बघत होता. वैजयंतानं कमरेला पदर खोचला होता. तिच्या हातात खिरीचं पातेलं होतं. मुलाच्या आईनं वाढायचं नसतं असं चार जणींनी सांगितलं, तेव्हा तिनं म्हटलं होतं, "आमच्या घरात कुणीतरी एकानं वाढायचं असतं."

"भरवा की," सर्जेराव म्हणाले. "लाजताय काय, एवढा उंचापुरा गडी!"

घास तोंडात आला. सर्जेरावांनी तो चावला. गोड लागला, गव्हाचा कण दाताखाली आला. मग गिळला. पाण्याच्या तांब्याकडे हात सवयीनं गेला आणि मधेच थांबला. घास छातीच्या मधोमध आला, आणि तिथं काहीच न झाल्यासारखा पुढं निघून गेला.

"उतरला?" उत्तमरावांनी विचारलं.

"कधीच!"

मांडवात हशा पिकला. वाढपगाडी सुरू झाली, पंगत जेवायला लागली. सर्जेराव जेवत होते. भात, आमटी, भाजी, पुन्हा भात. कुणाची नजर चुकवायची नव्हती, त्यामुळं इकडंतिकडं बघत, शेजाऱ्याशी बोलत, चवीनं. हळूहळू एकेकाचं आटोपलं. हात वाळायला लागले. शेवटी सगळी ओळ थांबली आणि माना एका पाटाकडे वळल्या. ती जुनीच शांतता होती. सर्जेरावांना ती ओळखीची होती. आज मात्र त्यांना तिची भीती वाटेना.

वाढपगाडी त्यांच्या पानासमोर आली. "आणखी?" तिनं विचारलं. त्यांनी चेष्टेनं "नको" म्हटलं, तर ती खरंच निघून गेली.

मग वैजयंता पातेलं घेऊन आली. "पुरे आता," ती दबक्या आवाजात म्हणाली. "लोकांचे हात वाळले. सगळे तुमच्यासाठी खोळंबलेत."

"खोळंबू देत," सर्जेराव म्हणाले आणि त्यांनी वाटी पुढं केली. "जन्मभर मी त्यांना वाढलंय. वाढ अजून थोडी खीर. आणि जरा आग्रह करून वाढ."